रॅम घेताना आकड्यांना भुलू नका

माझी एक भाची ॲनिमेशनचा अभ्यासक्रम करते. तिच्यासाठी सुटे भाग आणून डेस्कटॉप संगणक जोडून घेतला होता. सहा महिन्यांनी काम जड होऊ लागले, तेव्हा एका दुकानात स्वस्त मिळाली म्हणून वेगळ्या कंपनीची आणखी एक रॅम त्यात बसवली. त्यानंतर त्रास सुरू झाला. कधी मध्येच निळा पडदा येऊन यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचे, तर कधी काल जतन केलेली फाइल आज उघडायची नाही. व्हायरस असेल म्हणून दोनदा विंडोज नव्याने टाकून झाले. डिस्कही बदलून झाली. अखेर एका ओळखीच्या तंत्रज्ञाने ती नवी रॅम काढून बाजूला ठेवली आणि सगळे थांबले. पण तोवर वार्षिक प्रकल्पाच्या कित्येक फाइली बिघडल्या होत्या. बॅकअप म्हणून ठेवलेली प्रतही बिघडलेल्या फाइलींचीच निघाली.

संगणक जोडायचा ठरला की प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणते यावर घरात चार दिवस चर्चा होते. रॅमची पाळी आली की ‘सोळा जीबी टाका’ एवढ्यावर विषय संपतो. आता तसे करणे परवडणारे नाही. २०२५ च्या अखेरच्या महिन्यांपासून रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले. जगातील बहुतांश मेमरी चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून या चिपना प्रचंड मागणी आहे. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने ‘क्रूशियल’ या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. एवढे पैसे मोजायचे, तर आपण नेमके काय विकत घेतो आहोत हे समजून घेतलेले बरे.

ओटा आणि वाण्याचे दुकान

संगणकात माहिती दोन ठिकाणी राहते. एसएसडी किंवा हार्ड डिस्क म्हणजे साठवणीची जागा. वीज गेली तरी तिथला माल जागेवर राहतो. रॅम म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा. प्रोसेसरला ज्या वस्तूला हात लावायचा, ती आधी ओट्यावर यावी लागते. वीज गेली की ओटा रिकामा.

प्रोसेसरने मागितलेली माहिती रॅममधून यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. चांगल्या एसएसडीला त्याच कामासाठी सुमारे १०० मायक्रोसेकंद आणि फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला १० मिलिसेकंद लागू शकतात. हे आकडे डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत. म्हणून १०० नॅनोसेकंद म्हणजे एक सेकंद असे समजू. ओट्यावरची मिठाची बरणी एका सेकंदात हाती येते. त्याच मापाने एसएसडीकडून मीठ यायला सतरा मिनिटे लागतील, म्हणजे जिना उतरून वाण्याकडे जाऊन यावे तेवढी. हार्ड डिस्ककडून यायचे तर एक अख्खा दिवस उलटून वर चार तास जातील.

रॅम अपुरी पडली की विंडोज एसएसडीचा काही भाग रॅमसारखा वापरू लागते. भाजी परतता परतता दर वेळी वाण्याकडे धावायचे, असा तो प्रकार. संगणक ‘अडकतो’ म्हणतो तो बऱ्याचदा यामुळेच. म्हणून पहिला प्रश्न वेगाचा नसून किती जीबी, हा आहे. ओटा लहान असेल तर कितीही वेगवान रॅम ती उणीव भरून काढू शकत नाही.

विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान ४ जीबी सांगितली असली, तरी तेवढ्यावर रोजचे काम करणे म्हणजे शिक्षा आहे. ८ जीबीमध्ये टायपिंग, हिशेब, ईमेल आणि ब्राउझरची मोजकी पाने चालतात, पण मोकळीक राहत नाही. घर, शाळा-कॉलेज आणि कार्यालय यांसाठी आज १६ जीबी हे योग्य माप आहे. मायक्रोसॉफ्टने ‘कोपायलट प्लस’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी असलेल्या संगणकांसाठी हीच किमान अट ठेवली आहे. व्हिडिओ संपादन, मोठे नवे गेम, प्रोग्रॅमिंग किंवा त्रिमितीय रेखाटन करणाऱ्यांनी ३२ जीबीचा विचार करावा. ६४ जीबी किंवा त्याहून अधिक लागते ती ४के चित्रफितींवर व्यावसायिक काम करणाऱ्यांना, एकाच यंत्रात अनेक आभासी संगणक चालवणाऱ्यांना आणि घरच्या घरी मोठी एआय मॉडेल चालवून पाहणाऱ्यांना.

अंदाजापेक्षा मोजमाप चांगले. सध्याच्या संगणकावर तुमचे नेहमीचे सगळे काम उघडा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर आणा आणि ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’ पाहा. कामाच्या भरात वापर सतत ८० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर नव्या यंत्रात पुढचे माप घ्या. तो निम्म्यावरच राहत असेल, तर शेजाऱ्याने ३२ घेतली म्हणून तुम्ही घेण्याचे कारण नाही.

गळक्या बादल्यांचे शास्त्र

रॅमच्या आत काय आहे हे कळले की खोक्यावरचे आकडे समजणे सोपे जाते. १९६६ मध्ये आयबीएमचे अभियंता रॉबर्ट डेनार्ड यांना एक साधी कल्पना सुचली. माहितीचा एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक सूक्ष्म कपॅसिटर एवढेच पुरेसे आहे. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असेल तर एक, नसेल तर शून्य. या शोधाचे पेटंट त्यांना १९६८ मध्ये मिळाले. १९७० मध्ये इंटेलने बाजारात आणलेल्या ‘११०३’ या चिपमध्ये १,०२४ बिट मावत. आज १६ जीबीच्या रॅममध्ये सुमारे १३,७०० कोटी कपॅसिटर असतात.

पण ही बादली गळकी आहे. कपॅसिटरमधला भार सतत झिरपत असतो. त्यामुळे प्रत्येक ओळीतल्या बादल्या सेकंदाला किमान पंधरा वेळा पुन्हा भराव्या लागतात. या अखंड धडपडीमुळेच तिला ‘डायनॅमिक’ रॅम म्हणतात. शिवाय बादलीत पाणी आहे का हे पाहायला ती ओतावी लागते, म्हणजे प्रत्येक वाचनानंतर ती पुन्हा भरणे आले. इतका क्षीण भार ओळखायला ठरावीक वेळ लागतोच आणि तो वेळ गेल्या कित्येक वर्षांत फारसा घटलेला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण जाहिरातीतला मोठा आकडा नेमकी हीच लपवतो.

खोक्यावरची ओळ कशी वाचावी?

समजा, खोक्यावर लिहिले आहे: ‘डीडीआर५-६०००, सीएल३०, ३२ जीबी, १६ × २’. यातला ‘डीडीआर५’ हा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण तो चुकला तर रॅम बसणारच नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींना २८८ पिना असतात, लांबीही सारखीच दिसते, पण खालची खाच वेगवेगळ्या जागी असते. एकीच्या खोबणीत दुसरी जात नाही आणि जोर केला तर मदरबोर्डच तुटतो. कोणती घ्यायची हे तुमच्या इच्छेवर नसते, ते प्रोसेसर आणि मदरबोर्ड ठरवतात. एएमडीच्या जुन्या एएम४ मदरबोर्डांना डीडीआर४ लागते, नव्या एएम५ मदरबोर्डांना फक्त डीडीआर५. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांना दोन्ही चालतात, पण मदरबोर्ड सहसा एकाच प्रकारचा असतो. त्यामुळे प्रोसेसरचे नाव सांगून रॅम मागू नका, मदरबोर्डचे पूर्ण मॉडेल सांगा.

पुढचा आकडा ६०००. ही रॅम सेकंदाला ६०० कोटी वेळा माहिती पाठवू शकते, असा त्याचा अर्थ. दुकानात याला सर्रास ‘मेगाहर्ट्झ’ म्हणतात. खरे तर घड्याळाचे ठोके निम्मेच, ३००० मेगाहर्ट्झ असतात, कारण डीडीआर रॅम प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवते. एका खेपेत ८ बाइट, म्हणजे एका पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त ४८ जीबी माहिती जाऊ शकते.

तिसरा आकडा सीएल३०. मागणी केल्यापासून पहिली माहिती येईपर्यंत घड्याळाचे किती ठोके जातात, ते हा आकडा सांगतो. नळ उघडल्यावर धार किती मोठी पडते तो झाला वेग, आणि पहिला थेंब पडायला किती वेळ लागतो तो सीएल. हा वेळ नॅनोसेकंदांत काढायचा हिशेब सोपा आहे. सीएलला २००० ने गुणा आणि वेगाच्या आकड्याने भागा. डीडीआर५-६००० सीएल३० साठी उत्तर येते १० नॅनोसेकंद. आता जुनी डीडीआर४-३२०० सीएल१६ घ्या. उत्तर पुन्हा १०. वीस वर्षांपूर्वीच्या डीडीआर-४०० सीएल२ चा हिशेब केला तरी १०. धार पंधरा पट मोठी झाली, पहिला थेंब मात्र तेवढ्याच वेळाने पडतो. गळक्या बादलीचा तो गुण आहे.

याचा व्यवहारात उपयोग असा. डीडीआर५-६००० सीएल३६ चा पहिला थेंब १२ नॅनोसेकंदांनी येतो, तर डीडीआर५-४८०० सीएल४० चा जवळपास १७ नॅनोसेकंदांनी. म्हणजे नुसते ‘डीडीआर५ आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. दुसऱ्या बाजूने, ५६०० आणि ६४०० यांच्यातला फरक ब्राउझर, हिशेब आणि ऑनलाइन वर्ग यांत जाणवणारही नाही. एएमडीने आपल्या रायझन ७००० मालिकेसाठी ६००० हा वेग सोयीचा असल्याचे सांगितले होते. त्याच्या वरच्या वेगांसाठी दुकानदार मागतो ते जादा पैसे एसएसडीत किंवा जास्त जीबीत घातले तर बहुतेकांना त्याचा लाभ अधिक होईल. अपवाद एकच. वेगळे ग्राफिक्स कार्ड न घेता प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम खेळायचे असतील, तर तो ग्राफिक्सचा भागही याच रॅमवर जगतो. तिथे वेगाचा फरक डोळ्यांना दिसतो.

आणखी एक गोष्ट कित्येकांना ठाऊकच नसते. ६००० ची रॅम बसवली म्हणजे ती ६००० ने चालू लागते, असे नाही. सुरुवातीला ती ४८०० सारख्या सावध वेगाने चालते. छापील वेग मिळवायचा तर बायोसमध्ये जाऊन इंटेलच्या यंत्रांत ‘एक्सएमपी’ आणि एएमडीच्या यंत्रांत ‘एक्सपो’ ही सोय सुरू करावी लागते. ती सुरू करणे म्हणजे तांत्रिक भाषेत ओव्हरक्लॉकिंगच. प्रत्येक प्रोसेसरला तो वेग पेलेलच अशी हमी नसते. यंत्र अडखळू लागले तर वेग एक पायरी खाली आणावा, त्यात कमीपणा नाही.

एक मोठी की दोन लहान?

आजचे घरगुती प्रोसेसर रॅमशी दोन वाटांनी बोलतात. ३२ जीबीची एकच पट्टी घातली तर एक वाट रिकामी राहते. १६ च्या दोन घातल्या तर दोन्ही वाटा वाहतात आणि धार दुप्पट होते. म्हणून जोडी घेणे चांगले, आणि तीही एकाच खोक्यातली. कारखान्यात ती जोडी एकत्र तपासलेली असते. मदरबोर्डवर चार खोबणी असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खोबणीत ती बसवायची असते. मदरबोर्डच्या पुस्तिकेत हे चित्रासह दिलेले असते. शेजारशेजारच्या दोन खोबणींत पट्ट्या घालून वर्षानुवर्षे अर्ध्या धारेवर चालणारे संगणक आपल्याकडे पुष्कळ सापडतील.

मग चारही खोबणी भरल्या तर आणखी चांगले? डीडीआर५ मध्ये उलटेच होते. रायझन ७००० साठी एएमडीने अधिकृतपणे दोन पट्ट्यांना ५२०० चा वेग दिला आहे. चार पट्ट्या घातल्या की तोच ३६०० वर येतो. म्हणून ‘आत्ता दोन घेऊ, पुढे आणखी दोन घालू’ हा हिशेब डीडीआर५ ला लागू पडत नाही. पुढे ३२ लागणार हे आजच माहीत असेल, तर १६ च्या दोनच पट्ट्या घ्याव्यात.

भाव पाहता हे सगळ्यांना जमणार नाही. तसे असेल तर आज १६ जीबीची एकच चांगली पट्टी घ्या, तिचा मॉडेल क्रमांक टिपून ठेवा आणि पुढे अगदी त्याच क्रमांकाची दुसरी शोधा. कंपनी तीच पण क्रमांक वेगळा, असे असेल तर आतली चिप निराळी असू शकते. अशा जोड्या बऱ्याचदा चालून जातात, पण चालतीलच याची खात्री कुणी देत नाही.

एक बिट उलटला तर

१८ मे २००३ रोजी बेल्जियममध्ये निवडणूक झाली. ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेक येथे एका उमेदवाराला तिथे शक्य होती त्यापेक्षा जास्त मते मिळाली. फेरमोजणीत नेमकी ४,०९६ मते जादा निघाली. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. यंत्राच्या मेमरीतला एकच बिट शून्याचा एक झाला, तर नेमका एवढाच फरक पडतो. अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे असे घडू शकते, हे स्पष्टीकरण तेव्हा पुढे आले. असा प्रकार नवा नव्हता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंटेलच्या संशोधकांना चिपच्या वेष्टणातल्या सूक्ष्म किरणोत्सारी अंशांमधून निघणारे अल्फा कण बिट उलटवतात असे आढळले होते.

मात्र घरच्या संगणकात वैश्विक किरणांपेक्षा सदोष पट्टीची भीती जास्त. गूगलच्या डेटा सेंटरांमधील रॅमचा मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये किमान एक चूक नोंदली गेली होती आणि एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याची शक्यता बरीच जास्त होती. सर्व्हरमध्ये ‘ईसीसी’ प्रकारची रॅम असते, ती जादा बिट ठेवून अशा चुका ओळखते आणि एका बिटाची चूक दुरुस्तही करते. साध्या रॅममध्ये ही सोय नाही. तिथे चूक गुपचूप फाइलमध्ये उतरते आणि आपल्याला कळते ते महिन्यांनी.

डीडीआर५ च्या जाहिरातींत ‘ऑन-डाय ईसीसी’ असे लिहिलेले असते. तो चिपच्या आतल्या चुका सुधारतो, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक त्याला दिसत नाही. हिशेब, संशोधन किंवा रुग्णांच्या नोंदी यांसारखे काम घरच्या यंत्रावर करणाऱ्यांनी खऱ्या ईसीसीचा विचार करावा आणि मदरबोर्ड ती रॅम चालवतो का हे आधी तपासावे.

बसवण्यापूर्वी आणि बसवल्यावर

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्या की ऑनलाइन, मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरची तपासलेल्या रॅमची यादी आधी पाहा. सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड’ रॅम स्वस्तात विकायला असते, ती घरगुती मदरबोर्डवर चालत नाही. लॅपटॉपची रॅम आखूड असते, तीही डेस्कटॉपला उपयोगाची नाही. रंगीत दिवे लावलेल्या उंच पट्ट्या प्रोसेसरच्या मोठ्या कूलरखाली अडकतात, शिवाय त्या दिव्यांनी वेग वाढत नाही.

रॅम हाताळण्यापूर्वी वीज बंद करून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत अंगावरची स्थिर वीज एखादी चिप निकामी करू शकते. पट्टी कडेने धरा आणि खटका बसेपर्यंत सरळ दाबा. डीडीआर५ चे नवे यंत्र पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. प्रोसेसर तेव्हा रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबू नका.

आणि यंत्र चालू झाले की लगेच काम सुरू करू नका. विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ आहे. त्याहून कसून तपासणी करणारे ‘मेमटेस्ट८६’ पेन ड्राइव्हवरून फुकट चालवता येते. ते एक रात्र चालू ठेवा. एकही चूक दिसली तर बिल घेऊन दुकानात जा, रॅमवर बहुधा दीर्घ वॉरंटी असते. पुढे नवी पट्टी घातली किंवा वेग बदलला, तर हीच तपासणी पुन्हा करा.

भाचीच्या यंत्रात आता एकाच खोक्यातली जोडी आहे. ती बसवल्यावर पहिली रात्र तपासणीलाच दिली. बॅकअपही ती आता एकावर एक न लिहिता दर आठवड्याला वेगळी प्रत ठेवते. गेलेल्या फाइली मात्र परत आल्या नाहीत. त्या प्रकल्पातली काही दृश्ये तिला पहिल्या चौकटीपासून पुन्हा करावी लागली.